सेकंड धरणारी

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एकेका गायकाचे, एकेका गायिकेचे नाव पुढे येते. त्यात गैर काही नाही. आपले गाणे मुळातच एका गळ्याचे. परंतु आमच्या पिढीतील काही मुलींना वेड लागले ते तीन-चार मुलींनी एकत्र उभे राहून म्हटलेल्या गाण्यांचे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून ती गाणी आली. शिरेल्स, क्रिस्टल्स, रोनेट्स, सुप्रीम्स ही त्या मुलींच्या मेळ्यांची नावे. या त्रैमासिकाच्या किती वाचकांना ती आठवत असतील, कोण जाणे. पण ज्यांच्या घरी त्या काळी रेडिओ होता आणि ज्यांच्या वडिलांना रात्री लवकर झोप लागत असे, त्यांना नक्की आठवतील.

'आम्ही' म्हणजे पनवेलच्या चार मुली. हे लिहावयास बसलो तेव्हा तिघीच आहोत. बहुवचन मात्र जुनेच ठेवले आहे.

त्या वेळचे पनवेल आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर येणे कठीण. नगरपालिका १८५२ सालची, पण गाव लहान. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. तोवर मोटारीने मुंबई गाठायची तर ठाण्याचा वळसा. सिडको १९७० साली स्थापन झाली, नवीन पनवेल त्यानंतरचे. आमची घरे टपाल नाक्याच्या अलीकडे-पलीकडे होती. गोव्याकडे जाणारी वाहने गावावरून पुढे जात, जग आमच्या दारावरून जात असे म्हणा ना, पण ते थांबत नसे. थांबे तो फक्त रेडिओ. त्याचा परवाना पोस्टात जाऊन दरवर्षी नूतन करून घ्यावा लागे आणि त्या परवान्याचा मान घरात एखाद्या दस्तऐवजाइतका असे.

१९५२ साली त्या वेळचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री ८ वाजता अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागे ती ऐकण्यास कुणाची आडकाठी नव्हती. सारी आळी ऐके. आमचे चोरटे प्रेम होते ते सिलोनच्या इंग्रजी कार्यक्रमावर. आवाज लाटांसारखा येई, जाई, मध्येच खरखर. त्या खरखरीतून एके रात्री सुप्रीम्सच्या तीन मुली आमच्या घरात आल्या. ते बहुधा १९६४ साल असावे. इंग्रजी आम्हास जेमतेम कळत असे. प्रेमभंगाचे गाणे आहे हे शब्दांवरून नाही, सुरांवरून समजले. तरीही ते गाणे रडके नव्हते. मागच्या दोघी पुढच्या मुलीच्या प्रत्येक ओळीला होकार देत होत्या, जणू शेजारणी उंबऱ्यावर बसून 'हो गं बाई, असंच असतं' म्हणत आहेत. तो होकार आम्हास फार आवडला.

याहूनही आधीचा एक संस्कार सांगावयास हवा. आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहात असे. (पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमुळे ती मंडळी गावात जुनी.) घरातील मावशींची मराठी आमच्याहून शुद्ध. त्यांच्याकडे किल्लीचा ग्रामोफोन होता आणि अँड्र्यूज सिस्टर्स या तिघी सख्ख्या बहिणींची एक तबकडी. १९३७ साली ध्वनिमुद्रित झालेले ते गाणे मुळात यिद्दिश भाषेतले, ज्यूंच्या नाटकातले. म्हणून मावशींना त्याचे अप्रूप. संगीतकार शोलोम सेकुंडा आणि गीतकार यांनी त्या गाण्याचे हक्क अवघ्या ३० डॉलरना विकून टाकले होते आणि नंतर त्या गाण्याने इतरांना लक्षावधी मिळवून दिले, ही गोष्ट आम्हास पुष्कळ वर्षांनी वाचावयास मिळाली. ख्रिस्ती घरातल्या माणसाला हा तीसचा आकडा जरा टोचतोच. मावशींचे कुटुंब १९६८ साली इस्राएलला गेले. ग्रामोफोन विकून टाकला आणि तबकडी आम्हास दिली. वाजवावयास काही नसलेली तबकडी आम्ही बरीच वर्षे जपली.

आपल्या लोकांत बायकांनी मिळून गाणे काही नवे नाही. लग्नात उंबराचे पाणी आणावयास निघालेल्या बायका गातातच, जात्यावरच्या ओव्या होत्याच. १९५७ च्या 'मदर इंडिया'त लता, मीना आणि उषा या तीन मंगेशकर भगिनी एकाच गाण्यात गायल्या आहेत आणि ते गाणे घरोघर पोचले. परंतु या साऱ्यांत सूर एक असतो. आवाज अनेक, वाट एकच. वेगवेगळ्या वाटांनी चालून एकाच मुक्कामी पोचावयाचे, हा प्रकार आम्हास शिकविला तो आमच्या गायनमास्तरांनी.

मास्तर मूळचे गोव्याच्या सासष्टीतले. तिकडे चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा आणि व्हायोलीन शिकवीत. तोच वारसा घेऊन शेकडो गोवेकर मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. आमचे मास्तर तेथवर गेले नाहीत, पनवेलला थांबले आणि रविवारच्या मिस्सेला पायपेटी वाजवीत राहिले. त्यांनी आम्हा चौघींना उभे केले, एकेकीला सूर लावावयास सांगितला आणि तिसऱ्या मिनिटाला निकाल दिला: तिघी वरचा आवाज, आणि ही सेकंड धरील.

सेकंड म्हणजे काय हे ज्यांनी कधी गायनवृंदात पाऊल ठेवले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुख्य चाल गंधारावर असेल तर सेकंड षड्जावर; चाल पंचमावर गेली की सेकंड गंधारावर. दोघींमध्ये साधारण एका सुराची जागा मोकळी. ऐकावयास सोपे, गावयास महाकठीण, कारण कान सारखा वरच्या चालीकडे ओढला जातो. आपण मराठी माणसे तर लहानपणापासून एका सुरावर वाढलेली. शेजारीण जे गाते तेच आपण गावे, हाच धर्म. सेकंड धरणारीने शेजारणीचे ऐकावयाचे, तिच्या बरोबर राहावयाचे आणि तिच्यासारखे गावयाचे नाही. आणि इतके करून ऐकणाऱ्याला ती वेगळी अशी ऐकू येत नाही. मिस्सेनंतर लोक येऊन म्हणत, 'पोरींनो, चाल काय सुंदर म्हटलीत!' चाल तिने कधीच म्हटलेली नसे.

तिला याचे काही वाटत असे का, हे आम्ही कधी विचारले नाही. ती स्वभावाने हसरी, थोडी तिखट. वडाळे तलावाच्या काठी आम्ही सरावास बसत असू तेव्हा ती बोटाने पाठीवर ताल देई, आणि कुणी चुकले की तोच हात जरा जोराने पडे.

रेडिओवरची गाणी आणि चर्चमधली गाणी या दोन गोष्टी आमच्या मनात वेगळ्या नव्हत्या. त्या तशा का नव्हत्या, याचे कारण आम्हास नंतर उमगले. अमेरिकेतल्या त्या काळ्या मुलींपैकी पुष्कळजणी चर्चच्या गायनवृंदातच गावयास शिकल्या होत्या. पुढच्या गायिकेने ओळ टाकावी आणि मागच्यांनी तिला उत्तर द्यावे, ही पद्धत त्यांच्या देवळांतूनच रेडिओवर आली. आपल्या मिस्सेतला प्रतिसाद तरी दुसरे काय आहे? धर्मगुरू म्हणतो, मंडळी उत्तर देते.

येथे एक गंमत सांगतो. पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात म्हटले होते की गायनवृंदाचे काम हे उपासनेचे काम असल्याने त्यात स्त्रियांना स्थान नाही. उंच आवाज हवे असतील तर मुलगे घ्यावेत. म्हणजे संगीताच्या आश्रयदात्या संतिणीच्या दिवशीच बायकांना गप्प बसविले. पुढे हा निर्बंध सैल होत गेला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषेचे दार उघडले. ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्रात तर स्पष्टच लिहिले की गायनवृंद स्त्री-पुरुषांचा असू शकेल, आणि खरोखर गरज असेल तेथे केवळ स्त्रियांचाही. मास्तरांनी हे आम्हास वाचून दाखविले व चष्म्यावरून पाहात म्हणाले, 'पनवेलात खरोखर गरज आहे.' कारण पुरुषांपैकी एकालाही सुरात गाता येत नव्हते.

आणि योगायोग पाहा. परिषदेने तो दस्तऐवज जाहीर केला त्याच आठवड्यात, ७ डिसेंबर १९६३ रोजी, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आली ती बेल्जियममधील एक डॉमिनिकन धर्मभगिनी. संत डॉमिनिकवरचे तिचे फ्रेंच गाणे चार आठवडे तेथून हलले नाही. तिच्या मागे साथ देणाऱ्या होत्या त्याच मठातल्या इतर सिस्टर. त्यांची नावे कुणाला माहीत नाहीत. दारिद्र्याचे व्रत घेतलेले असल्याने तिच्या वाट्याचे पैसे मठाकडे गेले. मठ सोडल्यावर कराची मागणी मात्र तिच्याकडे आली. १९८५ साली तिचा फार दुःखद अंत झाला. आम्हास हे गाणे मास्तरांनी आनंदाने शिकविले होते. पुढची हकीकत तेव्हा घडावयाची होती.

सुप्रीम्सची छायाचित्रे आम्ही पहिल्यांदा एका जुन्या परदेशी मासिकात पाहिली. तिघींचे झगे सारखे, केस सारखे, हात एकाच कोनात. पुढे वाचनात आले की डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने या मुलींना बसावे कसे, चालावे कसे, जिना उतरावा कसा हे शिकविण्यासाठी मॅक्सीन पॉवेल नावाच्या बाई नेमल्या होत्या. आम्हास नवल वाटले नाही. डोक्यावरचा पदर कसा सावरावा, ख्रिस्तप्रसाद घ्यावयास जाताना नजर कोठे ठेवावी, पाय किती वाजवावेत, हे शिकविणाऱ्या मावश्या आमच्या धर्मग्रामात पगाराशिवाय उपलब्ध होत्या.

१९६९ च्या दिवाळीच्या सुमारास एका लग्नात आम्ही गायलो. मिस्सेतली गाणी झाली आणि मग मांडवात, वडीलधाऱ्यांची नजर चुकवून, सिलोनवरची दोन. लग्नाला मुंबईचा बँड आला होता. त्याच्या प्रमुखाने आमच्या घरी येऊन चहा घेतला व सांगितले की वर्षअखेरीच्या कार्यक्रमासाठी त्याला चार मुली हव्यात. सारखे झगे तो शिवून देईल, जाण्यायेण्याची मोटार, आणि प्रत्येकी काही रुपये. ती रक्कम आमच्या वडिलांच्या पगाराशी ताडून पाहिली तर घरात शांतता पसरावी एवढी होती.

चौघींचे वडील एकत्र बसले. आम्ही आत होतो, कानांत प्राण आणून. त्यांचे बोलणे पाच मिनिटांत आटोपले. एकजण म्हणाले, 'देवळात गातात ते पुरे आहे.' दुसरे म्हणाले, 'लग्ने व्हायची आहेत पोरींची.' तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. आमच्यापैकी कुणाचा नव्हे, सेकंड धरणारीचा. 'बाबा, निदान त्यांना विचारा तरी, नाव काय छापणार आहेत ते.' बाहेर सगळे हसले. विचारले कुणीच नाही.

तो नकार योग्य होता की अयोग्य, यावर आमचा वाद पन्नास वर्षे चालला. सुरुवातीची काही वर्षे आम्ही वडिलांवर मनोमन रुसलो होतो. आमच्या डोळ्यांपुढे लॉर्ना होती. क्रिस पेरीच्या बँडबरोबर तिची कोकणी गाणी तेव्हा गाजत होती, तीही आमच्यासारखीच चर्चच्या सावलीत वाढलेली मुलगी, आणि तिला कुणी अडविले नाही असे आम्ही एकमेकींस सांगत असू. मग तीच लॉर्ना कितीएक वर्षे गाण्यापासून दूर राहिली, १९९५ साली गोव्यात पुन्हा रंगमंचावर आली तेव्हा लोक उभे राहून रडले, आणि मधल्या काळाविषयी जे कानांवर येई ते ऐकून आमच्यातली थोरली म्हणाली, 'बाबांचे बरोबर होते.' मधली म्हणाली, 'मुळीच नाही. तिने गाणे सोडले त्यात गाण्याचा काय दोष?'

त्या अमेरिकन मुलींचे पुढे काय झाले हे जसजसे कळत गेले, तसतसा वाद अधिकच गुंतला. शिरेल्स या न्यू जर्सीतील पॅसेइक गावच्या चार शाळकरी मैत्रिणी. १९६१ च्या जानेवारीत त्यांचे गाणे अमेरिकेत पहिले आले. काळ्या मुलींच्या मेळ्याला तो मान प्रथमच मिळाला. ते गाणे रचणाऱ्यांपैकी कॅरोल किंग तेव्हा अवघी १८ वर्षांची. तुमचे पैसे तुम्ही २१ वर्षांच्या होईपर्यंत राखून ठेवले आहेत, असे त्यांना सांगण्यात आले होते. वेळ आली तेव्हा ते पैसे नव्हते. रोनेट्स या दोन बहिणी आणि एक मावसबहीण. साऱ्या कारकिर्दीचे मिळून तिघींना १५,००० डॉलरांहूनही कमी मिळाले. त्या न्यायालयात गेल्या, २००० साली जिंकल्या, आणि २००२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल मोठ्या अंशी फिरविला, कारण १९६३ च्या करारावर त्यांच्या सह्या होत्या.

क्रिस्टल्सची कथा याहून विलक्षण. १९६२ साली त्यांच्या नावाने जे गाणे अमेरिकेत पहिले आले, ते त्यांनी गायलेलेच नव्हते. निर्माता फिल स्पेक्टर याने लॉस एंजेलिसमध्ये डार्लीन लव्ह हिच्याकडून आणि तिच्या सोबतिणींकडून ते गाऊन घेतले आणि तबकडीवर क्रिस्टल्सचे नाव छापले. एकींचे नाव, दुसऱ्यांचा आवाज. डार्लीन लव्ह पुढे कितीतरी वर्षे इतरांच्या मागे उभी राहून गात राहिली. अशा पाठीमागच्या गायिकांवरचा 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' हा चित्रपट २०१३ साली आला व त्याला ऑस्कर मिळाले, तेव्हा कुठे पुष्कळांना तिचा चेहरा दिसला. तो चित्रपट आम्ही चौघींनी एकत्र पाहिला. चौथी मध्येच म्हणाली, 'बघा, मी तेव्हाच विचारत होते, नाव काय छापणार.'

आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड. सुप्रीम्स म्हटले की डायना रॉसचे नाव निघते; पण तो मेळा जमविण्यात पुढाकार होता फ्लॉरेन्सचा, आणि 'सुप्रीम्स' हे नावही तिनेच निवडलेले. १९६४-६५ मध्ये लागोपाठ पाच गाणी पहिल्या क्रमांकावर. १९६७ साली तिला मेळ्यातून बाहेर काढले आणि नावापुढे डायनाचे नाव जोडले. सरकारी मदतीवर दिवस काढण्याची पाळी तिच्यावर आली. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी ती वारली तेव्हा ३२ वर्षांची होती. पुढच्या आवाजाला होकार देणाऱ्या ज्या दोघी आम्ही पनवेलच्या अंधारात ऐकल्या होत्या, त्यांतली ही एक.

आमची लग्ने झाली. एक रसायनीच्या वसाहतीत गेली, एक वसईला, एक कुवेतला. चौथी पनवेलमध्येच राहिली आणि गायनवृंद तिने सांभाळला. मास्तर गेल्यावर पायपेटीही तिच्याकडे आली. १९९२ साली 'सिस्टर ॲक्ट' हा चित्रपट आला, त्यात मठातल्या सिस्टर जुन्या प्रेमगीतांचे शब्द बदलून ती देवाला अर्पण करतात. आम्हास तिचे पत्र आले: 'आपण हे पंचवीस वर्षांपूर्वी केले, आपल्यावर कुणी चित्रपट काढला नाही.'

२०२१ च्या मे महिन्यात ती गेली. त्या दिवसांत अंत्यविधीस किती माणसे जाऊ शकत होती हे वाचकांस ठाऊक आहेच. पुढे नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, तिच्यासाठी मिस्सा झाली तेव्हा आम्ही तिघी गावयास उभ्या राहिलो. चाल आम्हा तिघींना पाठ होती. तिघींनी ती बरोबर म्हटली. तिचा आवाज कोठे होता हे लोकांना इतकी वर्षे समजले नव्हते. त्या दिवशी बाकांवरची माणसे माना वर करून माळ्याकडे पाहू लागली. काय कमी आहे ते त्यांना सांगता येत नव्हते. एवढेच, की गाणे पायाखालून पोकळ झाले होते.

तिचा आवाज कोठे जतन झाला आहे का, याचा मग आम्ही शोध घेतला. १९७६ सालच्या एका लग्नाची कॅसेट निघाली. कुवेतहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर घरच्यांनीच भरलेली. तीत आम्ही चौघी आहोत, पाठीमागे भांड्यांचा आवाज आहे, कुणाचे तरी मूल रडते आहे. आमच्या नातवाने ती संगणकावर उतरविली. हल्ली अशी सोय झाली आहे म्हणे की गाण्यातील वाद्ये एकीकडे, आवाज एकीकडे, असे वेगळे काढता येतात. त्याने खटपट केली. पायपेटी वेगळी निघाली. भांडी वेगळी निघाली. रडणारे मूलसुद्धा बऱ्यापैकी बाजूला झाले. आमचे चार आवाज मात्र यंत्राने एकच धरले. पुन्हा पुन्हा करून पाहिले तरी तिचा सुटा निघेना. नातू वैतागला. आम्हास त्या यंत्राचा राग येईना.

तेव्हापासून महिन्यातल्या एका शनिवारी, संध्याकाळच्या मिस्सेनंतर, ज्या दोघींना जमेल त्या आम्ही पनवेलला येतो. चर्चमध्ये आता कीबोर्ड आहे, बटण दाबले की सबंध वाद्यवृंद वाजतो, आणि गाणारी मुले-मुली सारी एकाच सुरात गातात. आवाज चांगले आहेत, तयारी आहे, तक्रार करण्याजोगे काही नाही. फादरांनी दोन मुली आमच्याकडे दिल्या आहेत, एक सातवीत, एक नववीत. त्यांना ती कॅसेटवरची चाल शिकवितो आणि खालचा आवाज कुठून जात असे ते आठवून आठवून सांगतो. तो आमच्यापैकी कुणी कधी गायलेला नसल्याने एकेका ओळीवर आम्हा तिघींचेच एकमत होत नाही, मग कुवेतवालीला फोन लावावा लागतो. येत्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला दोन आवाजांत एक तरी गाणे व्हावे असा बेत आहे. सेकंड कुणी धरावयाचे हे अजून ठरलेले नाही. दोघींनाही वरचाच आवाज हवा आहे.